लेकरांनाही विचारा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याचा क्रम तसाच ठेवला आहे.)



समितीने आम्हाला 'शिक्षण' या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले. खरे पाहता आम्ही काही फार शिकलेले नाही. जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात नववीपर्यंत शाळा, मग सूतगिरणीत रिंग फ्रेमवर नोकरी. बाकीचे जे काही शिक्षण झाले ते रात्रपाळी करून आल्यावर वाचलेल्या पुस्तकांतून, मोर्च्यांतून, आणि याच विहाराच्या ओट्यावर बसून झालेल्या चर्चांतून. तेव्हा आमच्या बोलण्यात काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे.

'लेकरांना शिकवा' हे या व्यासपीठावरून दरवर्षी सांगितले जाते. ते रास्तच आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या तीन शब्दांत 'शिका' हा पहिला. पण आज आम्ही लेकरांना शिकवा असे सांगायला उभे नाही. ते तुम्ही करताच आहात. पोटाला चिमटा घेऊन फी भरता, वह्या-पुस्तकं आणता, क्लास लावता. आम्हाला विचारायचं आहे ते वेगळंच. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या लेकराला कधी विचारलं, की "बाळा, तुला कसं शिकवलं म्हणजे समजतं? वर्गात तुझं कुठं अडतं?" हात वर करा म्हणत नाही. कारण आमचाही हात वर येणार नाही.

आता या समोरच्या लेकरांकडेच बघा. सकाळपासून ती इथं आहेत. पाहुण्यांना फुलं त्यांनी दिली, स्वागतगीत त्यांनी म्हटलं. गीत संपलं आणि त्यांचं कामही संपलं. आता तास-दीड तास त्यांनी गप्प बसायचं आणि आम्ही मोठ्यांनी त्यांच्याविषयी बोलायचं. शाळेतही हेच, घरातही हेच. शिक्षण कुणाचं? लेकराचं. पण त्यात एक शब्द बोलायचा अधिकार कुणाला नाही? लेकरालाच.

मंडळी, आम्ही गिरणीतले माणूस, म्हणून गिरणीतलं उदाहरण देतो. रिंग फ्रेमवर शेकडो चात्या फिरत असतात आणि कामगाराचं काम काय, तर फेऱ्या मारत राहायचं आणि तुटलेला धागा जोडत जायचं. एका उन्हाळ्यात आमच्या एका फ्रेमवर धागा फार तुटू लागला. साहेब लोक आले. कुणी म्हणालं कापूस हलका आहे, कुणी म्हणालं वेग कमी करा. दोन दिवस खटपट झाली, काही फरक पडेना. शेवटी एक म्हातारे जॉबर होते, त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तू दिवसभर इथं उभा असतोस, तुला काय दिसतं?" आम्ही भीत भीत सांगितलं, "काका, सगळीकडे तुटत नाही. दाराकडच्या टोकालाच तुटतं. पाळी बदलताना दार उघडं राहतं, बाहेरचा गरम वारा आत येतो." खात्यातली हवा दमट ठेवावी लागते. ती कोरडी पडली की धागा तुटतो, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण नेमका कुठं तुटतो, हे त्याच्यासमोर उभ्या असणाऱ्यालाच ठाऊक होतं. दार बंद ठेवायची व्यवस्था झाली, आणि तुटणं कमी झालं.

नोकरीत कुणी आपलं मत विचारण्याची ती आमची पहिलीच वेळ. पगार काही वाढला नाही. पण त्या दिवसापासून आम्ही त्या फ्रेमकडे आपलं म्हणून बघू लागलो.

वर्गाचंही तसंच असतं. धडा शिक्षक शिकवतात, पुस्तक मंडळ काढतं, वेळापत्रक मुख्याध्यापक करतात. पण धडा नेमका कुठं तुटतो, हे बाकावर बसलेल्या लेकरालाच ठाऊक असतं. आणि त्यालाच कुणी विचारत नाही.

आम्ही पाचवीत होतो तेव्हाची गोष्ट. गुरुजींनी फळ्यावर भागाकार दिला होता. सहाशे बाराला सहाने भागायचं. आमचं उत्तर आलं बारा. गुरुजी म्हणाले, मध्ये शून्य राहिला, एकशे दोन पाहिजे. आम्ही उभे राहून विचारलं, "गुरुजी, शून्य म्हणजे काहीच नाही, मग काहीच नाही ते लिहायचं कशाला?" वर्ग हसला. गुरुजींना वाटलं पोरगं चेष्टा करतंय. बोटांवर पट्टी बसली. "सांगितलं तसं लिही, शहाणपणा करू नको." त्यानंतर नववीपर्यंत आम्ही वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. गुरुजींना दोष देत नाही. त्यांनाही त्यांच्या गुरुजींनी तसंच शिकवलं असणार. तो शून्य मात्र मनात राहिला. त्याचं पुढं काय झालं ते शेवटाकडे सांगतो.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती सांगताना जड जातं. पण लपवून उपयोग नाही. आमचा थोरला मुलगा. सातवीपर्यंत बरा होता, मग घसरत गेला. शाळेतून निरोप आला, मुलगा आळशी आहे, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, शेजारच्याच्या वहीत बघतो. आम्ही दुसऱ्या पाळीहून आलो होतो, थकलेलो होतो. विचारपूस काही न करता त्याला मारलं. एकदा नव्हे, पुष्कळदा. नववीत त्याने शाळा सोडली. आम्ही म्हटलं, नशिबात नाही. तो मालवाहू रिक्षावर कामाला लागला.

२०१९ साली वाहन परवान्यासाठी त्याचे डोळे तपासले तेव्हा मोठा नंबर निघाला. चष्मा घालून घरी आला, दारात उभा राहून समोरच्या गल्लीतल्या किराणा दुकानाची पाटी वाचली, आणि म्हणाला, "बाबा, मला फळा कधी दिसतच नव्हता. मला वाटायचं सगळ्यांनाच असं धूसर दिसत असंल." मंडळी, आम्ही कामगारांच्या हक्कासाठी गेटवर घोषणा देणारे. 'आमचं म्हणणं ऐकून घ्या' म्हणून साहेबांच्या केबिनसमोर धरणं धरणारे. पण घरातल्या लेकराचं म्हणणं आम्ही ऐकलं नाही. शाळेनेही नाही विचारलं, आम्हीही नाही विचारलं. "शेजारच्याच्या वहीत का बघतोस रे?" एवढा एक प्रश्न. तो विचारला असता तर आज वेगळं चित्र असतं. त्याला आमच्याविषयी राग नाही, हे त्याचं मोठेपण. आम्हाला मात्र रात्री झोप लागत नाही.

म्हणून हा विषय आम्ही मनाला लावून घेतला आणि वाचायला सुरुवात केली. तेव्हा लक्षात आलं, की लेकराचं ऐकणं ही काही बाहेरून आलेली नवी टूम नाही. ती आपल्या घरचीच गोष्ट आहे. आपण विसरलो, एवढंच.

१८५५ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजाची मुलगी शिकत होती. वय साधारण चौदा. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या पत्रात छापून आला. तिने काय लिहिलं? आपल्या लोकांना जमिनीवरून कसं हुसकलं, आपल्या बायांना बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसतं, थंडीवाऱ्यात कसे हाल होतात, आणि आम्हाला धर्म तरी कोणता, असा सवाल तिने सरळ धर्ममार्तंडांना केला. विचार करा. त्या मुलीला शाळेत येऊन फार वर्षंही झाली नव्हती. आज आपली लेकरं 'माझा आवडता ऋतू' हा निबंध गाईडातून उतरवून काढतात. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि पावसाळ्यात रात्रभर भांडी लावून पाणी झेलावं लागतं, तीसुद्धा 'पावसाळा मला फार आवडतो' असं लिहितात, कारण मार्क त्यालाच मिळतात. मुक्ताच्या शाळेत लेकराच्या आयुष्याला वहीत जागा होती. हा फरक आहे.

बाबासाहेबांचं बालपण तुम्हाला पाठ आहे. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसावं लागलं. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तर बाकीची मुलं धावत सुटली, कारण फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. शिक्षकांनी बोलावलं, उत्तरही येत होतं, तरी फळ्यापर्यंतची चार पावलं सोपी नव्हती. ज्यांनी हे सोसलं त्यांनी पुढे स्वतः शिक्षणसंस्था काढली तेव्हा काय केलं? मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. १९५० साली, देशाचे कायदामंत्री असताना, बाबासाहेब त्या विद्यार्थ्यांच्या संसदेत गेले आणि हिंदू कोड बिलावर बोलले. ज्या बिलावरून देशभर रान उठलं होतं, ते समजावून सांगायला त्यांना विद्यार्थ्यांची सभा लहान वाटली नाही.

आणि आपलं नागसेनवन तर इथून किती लांब? पुंडलिकनगरातून निघालं तर रिक्षाने पाऊण तासाच्या आत पोहोचतो. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तिथं महाविद्यालय काढलं आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली आपली पोरं पहिल्यांदा कॉलेजात गेली. पुढं त्या महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव दिलं गेलं. आम्ही कित्येक वर्षं त्या फाटकातून आत-बाहेर केलं, पण या नावाचा विचार केला नव्हता. मिलिंद कोण? प्रश्न विचारणारा. नागसेन कोण? उत्तर देणारा. बाबासाहेबांनी परिसराला उत्तर देणाऱ्या भिक्खूचं नाव दिलं, आणि महाविद्यालयाच्या दारावर नाव लावलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं!

'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. राजा मिलिंद नागसेनांना चर्चेचं निमंत्रण देतो. नागसेन म्हणतात, विद्वान चर्चा करतात तशी करणार असाल तर करू, राजे करतात तशी करणार असाल तर नाही. राजा विचारतो, फरक काय? तर विद्वानांच्या चर्चेत एक जण बोलतो, दुसरा खोडून काढतो, चूक निघाली तर मान्य करतो, आणि कुणी रागावत नाही. राजाच्या चर्चेत मात्र जो विरोधात बोलेल त्याला शिक्षा होते. मंडळी, आपल्या वर्गात कोणती चर्चा चालते? आपल्या घरात कोणती चालते? आम्ही आमच्या घरात राजाच होतो. छोटासा, पण राजा.

आता आपल्या विहाराच्या अभ्यासवर्गाविषयी. करोनाच्या काळात २०२० च्या मार्चपासून शाळा बंद पडल्या, त्या पुष्कळ काळ बंदच राहिल्या. घरात मोबाइल एक आणि लेकरं तीन. शाळा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा चौथीच्या लेकराला दुसरीचं पुस्तक वाचता येईना. म्हणून २०२२ साली आम्ही चार-पाच कार्यकर्त्यांनी इथं संध्याकाळी सहा ते आठ वर्ग सुरू केला. आम्ही उभं राहून शिकवायचो आणि शेवटी विचारायचो, "समजलं का?" सगळी एका सुरात, "होऽऽऽ." आम्ही खूश.

महिनाभरात एका सातवीतल्या मुलीने आम्हाला बाहेर गाठलं. म्हणाली, "काका, राग येणार नसंल तर एक सांगू का? तुम्ही समजलं का विचारता तेव्हा आम्ही हो म्हणतो, कारण नाही म्हटलं की तुम्ही तेच परत सांगता, फक्त मोठ्याने." खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा रागच आला. एवढीशी पोर आपल्याला शिकवते! मग त्या म्हाताऱ्या जॉबरची आठवण झाली. तिला विचारलं, "मग काय करावं?" ती म्हणाली, "आम्हाला लिहून देऊ द्या. नाव न घालता."

बुटाचं रिकामं खोकं घेतलं, त्याला वरून चीर पाडली. दर शनिवारी ते उघडायचं ठरलं. पहिल्या शनिवारी तीन चिठ्ठ्या, त्यातल्या दोन कोऱ्या. लेकरांना वाटलं, हे अक्षर ओळखतील. चार आठवडे गेले तेव्हा कुठं विश्वास बसला. मग काय काय निघालं ऐका.

एकाने लिहिलं, पाण्याच्या दिवशी नवीन गणित घेऊ नका. तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा आपल्याकडे नळाला सात-सात, आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं आणि त्या दिवशी घरातल्या मुली ड्रम, हंडे, टाक्या भरत असायच्या. वर्गाला येत नव्हत्या. आम्ही हजेरीच्या वहीत लाल शेरा मारायचो, 'गैरहजर, अभ्यासात लक्ष नाही'. लक्ष कसं नाही? लक्ष होतं, पाणी होतं म्हणून पाय अडकले होते. त्यानंतर पाण्याच्या दिवशी फक्त उजळणी आणि गोष्टीचं वाचन ठेवलं. मुली मागं पडायच्या बंद झाल्या. खर्च शून्य रुपये.

दुसऱ्या चिठ्ठीत होतं, मोठ्याने वाचायला एकट्याला उभं करू नका, दोघांना मिळून वाचू द्या. तेही केलं. आणि एक चिठ्ठी अशी, की इंग्रजी शिकवणारे काका चुकीचं बोलतात, आमच्या शाळेत बाई वेगळं सांगतात. (हशा.) ते इंग्रजी शिकवणारे काका म्हणजे आम्हीच! दुसऱ्या दिवसापासून आम्ही इंग्रजी सोडलं आणि कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीकडे दिलं. आता आम्हीही मागं बसून शिकतो.

सगळंच मान्य केलं असं नाही. शुद्धलेखन बंद करा, अशी मागणी आली. तिच्यावर सगळ्यांना गोलात बसवून चर्चा केली. का करायचं ते सांगितलं. त्यांनी सुचवलं, पुस्तकातला उतारा नको, आम्ही सांगू ते एकमेकांनी लिहायचं. शुद्धलेखन राहिलं, पण त्यांचं झालं. लेकरांना भागीदार करणं म्हणजे ती म्हणतील ते सगळं ऐकणं नव्हे. ऐकायचं, जमेल ते करायचं, आणि जमत नसेल तर का जमत नाही ते समोर बसून सांगायचं. मोठ्या माणसांशी आपण असंच वागतो ना?

आता त्या शून्याची गोष्ट पुरी करतो. एके दिवशी चौथीतल्या एका पोराचा भागाकार चुकला. नेमका तसाच, मधला शून्य गळालेला. आम्ही उठणार, इतक्यात तीच सातवीतली मुलगी त्याच्याशेजारी जाऊन बसली. वहीचे कागद फाडून नोटा केल्या. शंभराच्या सहा, दहाची एक, आणि दोन सुटे रुपये. झाले सहाशे बारा. म्हणाली, सहा जणांत वाट. शंभराची एकेक प्रत्येकाला गेली. "आता दहाची नोट एकच आहे. सहा जणांत वाटता येती का?" नाही. "म्हणजे दहाच्या घरात प्रत्येकाला किती? शून्य. तो लिहून ठेव, नाहीतर शंभराची नोट दहाच्या जागी येऊन बसंल. आता ती दहाची मोड, सुटे किती झाले? बारा. दोन-दोन वाट." एकशे दोन!

पोराला समजलं. आणि मंडळी, आम्हालाही समजलं. पाचवीत पट्टी खाऊन गप्प बसलेल्या माणसाला पन्नाशी उलटल्यावर एका लेकराने उत्तर दिलं. शून्य म्हणजे काहीच नाही असं नाही. तो जागा धरून ठेवतो. ती मुलगी त्या पोराच्या शेजारी बसू शकली, कारण तिला कुणी 'जागेवर बस' म्हटलं नाही. आम्ही उठून शिकवलं असतं तर ते मोठ्या आवाजातलं तेच परत झालं असतं.

आता काही लोक म्हणतील, हे विहारात ठीक आहे, शाळेत कसं चालेल? तर ऐका, हे कायद्यातच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात बारावं कलम आहे. स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या लेकराला त्याच्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत ते मांडण्याचा हक्क आहे आणि त्याचं वय व समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे. आपल्या देशाने हा करार १९९२ साली मान्य केला. पुढं २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याचं सतरावं कलम मारायला आणि मानसिक छळ करायला मनाई करतं. एकोणतिसावं कलम सांगतं, की लेकराला भीतीतून मुक्त करावं आणि मोकळेपणाने मत मांडायला मदत करावी. एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश आई-वडील-पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्या राज्यात विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही तिच्यात घेतले जातात. विनाअनुदानित खाजगी शाळांना ही समिती लागू नाही, पण मारायची मनाई त्यांनाही लागूच आहे, हे ध्यानात ठेवा.

आता आम्हाला सांगा, आपली लेकरं ज्या शाळांत जातात त्या समितीच्या बैठकीला आपल्यापैकी कोण गेलंय? आणि गेलं असेल तर विद्यार्थी प्रतिनिधी तिथं बोलला का, का नुसती सही करून चहाचे कप उचलले? कायदा कागदावर आहे. कागदाला तोंड फोडायचं काम आपलं आहे.

आणि शाळेत हे होऊ शकतं, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळा. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या शिक्षकांनी रांगा मोडल्या. लेकरं गटागटाने जमिनीवर बसू लागली. हातात खडे, काड्या, कार्डं घेऊन स्वतः करून बघू लागली, एकमेकांना विचारू लागली, आणि शिक्षक त्यांच्यात खाली बसले. लेकरू रिकामा हंडा नसून स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं, हा त्यामागचा विचार. राज्यभरातले शिक्षक ते बघायला तिथं गेले. ती काही पैसेवाल्यांची शाळा नव्हती, खेड्यातली सरकारी शाळाच होती.

शिक्षकांचीही बाजू सांगितली पाहिजे. एका वर्गात साठ-साठ पोरं, वरून निवडणुकीचं काम, सर्वेक्षण, माहिती भरणं. त्यांनाही कुणी विचारत नाही, की बाई, तुमचं कुठं अडतं? ज्याचं कुणी ऐकत नाही, तो दुसऱ्याचं कसं ऐकणार? म्हणून आम्ही हे शिक्षकांच्या विरोधात बोलत नाही. शिक्षकांचं आणि लेकरांचं, दोघांचंही ऐकलं जावं, म्हणून बोलतो. आणि ज्यांना वाटतं की विचारलं तर पोरं डोक्यावर बसतील, त्यांना एवढंच सांगतो. तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना सांगितलं, की केवळ आपला गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या. त्याने तथागतांचा मान कमी झाला का?

शेवटचं एक सांगून थांबतो, कारण जेवणाची वेळ झाली आहे. आज वर्धापनदिनानिमित्त समितीने विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका बांधायचा संकल्प सोडला आहे. फार चांगलं काम. नकाशा तयार आहे, पावती पुस्तकं छापली आहेत, आम्हीही फूल ना फुलाची पाकळी दिली आहे. पण त्या नकाशावर ज्यांनी सह्या केल्या त्या सात जणांत आम्ही एक होतो, आणि आमच्यातला एकही जण आता शाळेत जात नाही. ज्यांनी तिथं बसायचं त्यांना आपण विचारलंच नाही. हे सगळं बोलणारा माणूससुद्धा विसरला! सवय इतकी जुनी आहे.

परवा आम्ही तो नकाशा अभ्यासवर्गात नेऊन सतरंजीवर पसरला. लेकरं पालथी पडून बघत होती. पाच मिनिटांत एकीने विचारलं, "काका, यात पोरींचा संडास कुठंय?" नव्हता. आम्ही सात शहाण्यांनी काढलेल्या नकाशात तो नव्हता. दुसरा म्हणाला, "फळा एवढा वर आहे, आमचा हात पोचंल का?" तिसरीने सांगितलं, "एक कोपरा बोलत अभ्यास करायला पाहिजे. सगळीकडे 'शांतता राखा' लिहिलं तर आम्ही एकमेकांना कसं शिकवायचं?"

तेव्हा अध्यक्ष महोदय, आमची या सभेला हात जोडून विनंती आहे. स्लॅब पडण्याआधी हा नकाशा पुन्हा एकदा उघडावा. अभ्यासिकेच्या समितीत दोन लेकरं घ्यावीत, एक मुलगा, एक मुलगी, आणि ती त्यांनी आपसांत निवडावीत. आणि आज घरी गेल्यावर तुम्ही प्रत्येकाने जेवताना 'किती मार्क पडले' हे न विचारता 'आज वर्गात काय समजलं नाही' एवढं विचारावं. उत्तर आलं की लगेच रागवू नका. आधी ऐका. आमच्या थोरल्याचं आम्ही ऐकलं नाही. तुमच्या लेकरांच्या बाबतीत ती चूक होऊ नये, एवढ्यासाठी आज उभा राहण्याचं धाडस केलं.

आता आम्ही खाली बसतो. माईक त्या सातवीतल्या, आता दहावीत गेलेल्या मुलीकडे द्यावा. नकाशाविषयी लेकरांचं म्हणणं तिने लिहून आणलं आहे. आमच्यापेक्षा ती कमी वेळ घेईल आणि जास्त कामाचं बोलेल.

नमो बुद्धाय! जय भीम!